अकराव्या मागावरचा भाचा

शेडमध्ये माग अकरा होते, चालू दहा. विणकर दहा, बसायची स्टुलं अकरा, रेडिओ एक, धार असलेली कात्री एक, आणि रोज कोणी किती इंच विणलं ते लिहायला काळा फळा एक. बाई एकही नव्हती. न्तोमाक्रोम गावात सूत बायका कातत, रंगवत, तयार कापड बाजारात नेऊन विकतही. फक्त मागाला त्यांनी हात लावायचा नाही. लावला तर मागाला कोंबडं द्यावं लागतं आणि त्या बाईला मूल होत नाही, असं गावात सांगत. यातली कोंबड्याची गोष्ट तरी खरी होती.

बंद असलेला अकरावा माग म्हाताऱ्या साफोचा. नानांसाठी, म्हणजे गावच्या राजासाठी, सणाचं कापड विणायचा मान त्या मागाचा होता. दोन वर्षांपूर्वी साफोच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माग थांबला. साफोला मुलगे पाच होते, पण मुलं आईच्या कुळाची; माग जायचा तो बहिणीच्या मुलाकडे. बहीण बिरागो लॉरीने सहा तासांवरच्या गावात राहत होती आणि तिला मुली चार होत्या. साफोला हे नक्की ठाऊक नव्हतं. चौदा वर्षांत त्याने मोजल्या नव्हत्या. त्याने निरोप धाडला, "भाचा पाठव. नाहीतर माग मावसभावाकडे जाईल." मावसभावाने मागाच्या खांबांना शेळ्या बांधायला सुरुवातही केली होती.

बिरागोने तिसरी मुलगी पाठवली.

तिचं नाव आम्पोमा, वय सोळा. नवव्या वर्षी तिने स्वयंपाकघरामागे ताडाच्या काड्यांचा माग केला होता आणि पोत्याचे धागे उसवून त्यावर वीतभर पट्टी विणली होती. तेव्हापासून तिला दुसरं काही करायचं नव्हतं. वेषांतराला फारसं काही लागलं नाही. शाळेच्या नियमाने मुलींचे केस मुलांसारखेच बारीक कापलेले असत. गणवेशाचा झगा काढून अर्धी चड्डी चढवली की काम झालं. ती गुरुवारची; गुरुवारी जन्मलेल्या मुलीला याआ म्हणतात आणि मुलाला याव, त्यामुळे जन्मवारही बदलावा लागला नाही. "फार काही बदलू नकोस," बिरागो म्हणाली, "मग विसरायलाही फार होणार नाही."

साफोने तिचे हात हातात घेऊन चाचपले. "बोटं बारीक आहेत तुझी."

"आईवर गेलीत, मामा."

"मिशी?"

"नाही अजून."

"आपल्याकडे उशिराच येते," साफो म्हणाला आणि स्वतःच्या गुळगुळीत ओठावरून हात फिरवला. तो एकाहत्तर वर्षांचा होता.

पहिल्या आठवड्यात फळ्यावर 'याव' पुढे तीन इंच लागले. दुसऱ्या महिन्यात रोजचे अकरा, पाचव्यात एकतीस. सातव्या महिन्यात एके दिवशी चव्वेचाळीस लागले, तेव्हा बाकीचे दहाजण रेडिओ बंद करून तिच्या पट्टीभोवती जमले. पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत चार इंच रुंद होती. कोणी टेप लावला, कोणी बोटं लावली, एकाने नाक लावलं. दोष सापडेना तेव्हा ते नाराज होऊन आपापल्या जागी गेले.

फळा लिहायचं काम आसुमिंगचं. आसुमिंगला आकड्यांची आवड होती आणि विणायची नव्हती. महिना संपला की फळ्यावरचे आकडे तो सुवाच्य अक्षरात वहीत उतरवी. उतरवता उतरवता त्याच्या लक्षात आलं की यावच्या ओळीत दर अठ्ठावीस दिवसांनी पाच चौकटी रिकाम्या असतात. कारण एकच लिहिलेलं: ताप.

खरं कारण अगदी साधं होतं. मागावर दोन्ही पाय पसरून, चड्डीवर, सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत दहा पुरुषांत बसायचं, आणि शेडला आडोसा म्हणून एक केळीचं झाड. महिन्यातले पाच दिवस ते शक्य नव्हतं.

"मलेरिया काय कॅलेंडर बघून येतो?" आसुमिंगने सगळ्यांसमोर वही उघडली. "सात महिन्यांत सात वेळा. आपली लॉरीसुद्धा इतक्या नेमाने येत नाही."

"मग काय असेल?" एकाने विचारलं.

"पोरगी ठेवलीय कुठेतरी. ठरलेले दिवस असणार."

"हा? याला चड्डीचा नाडा बांधता येत नाही नीट."

"बांधता येत नाही म्हणूनच."

शेड हसली. आम्पोमाने खाली बघून धोटा फेकला. त्या दिवशी तिने मनातल्या मनात आसुमिंगचे आभार मानले. योग्य निरीक्षणावरून इतका सोयीचा चुकीचा निष्कर्ष काढणारा माणूस रोज भेटत नाही.

शेडच्या दारात पोकुआ नावाची बाई भाजलेली केळी आणि शेंगदाणे विकत बसे. तिची मुलगी कोनादू एकोणीस वर्षांची होती आणि उंबऱ्याबाहेरून विणकरांना केळी देई. एकदा पहाटे ती ओढ्यावर पाणी भरायला गेली, तर साफोचा भाचा पुरुष जे कधी धूत नाहीत असं काहीतरी धूत बसला होता. कोनादूने बादली भरली. "गार असतं नाही सकाळी पाणी?" एवढंच म्हणाली आणि गेली. आम्पोमाला दोन आठवडे झोप लागली नाही. मग काहीच झालं नाही, तेव्हा लागू लागली.

त्यानंतर दीड महिन्याने पोकुआने नानांच्या अंगणात फिर्याद लावली.

नाना मोठ्या छत्रीखाली बसले होते. नाना लोकांशी थेट बोलत नसत. ते पुटपुटत आणि सोनेरी मुठीची काठी धरणारे क्वार्तेंग ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत. क्वार्तेंगना गाव काठीवाले म्हणे. नाना दोन शब्द पुटपुटले की काठीवाले त्याची सात वाक्यं करत, आणि नाना ती ऐकून मान डोलावत.

"पोरीला पाचवा महिना लागलाय," पोकुआ म्हणाली. "नाव विचारलं तर साफोच्या भाच्याचं घेते."

"याव," काठीवाले म्हणाले, "पुढे ये. खरं काय ते सांग."

आम्पोमा पुढे आली. तेवढ्यात आसुमिंग उभा राहिला. त्याने वही आणली होती. दर अठ्ठावीस दिवसांनी पाच, असं त्याने सात महिन्यांचं वाचून दाखवलं.

"ताप आला की हा असतो कुठे?" काठीवाल्यांनी साफोला विचारलं.

"घरातच. दार लावून घेतो."

"दार लावून," पोकुआ म्हणाली.

"मी एकटाच ना घरात, मला दिसत नाही," साफो म्हणाला, आणि याने मदत झाली असं त्याला वाटलं.

आम्पोमाने मुलीशी दोन शब्द बोलायची परवानगी मागितली. ती ताबडतोब मिळाली, कारण सगळ्यांच्या मते हाच कबुलीचा पहिला भाग होता. दोघी नगाऱ्यांच्या खोलीमागे गेल्या.

"माझंच नाव का घेतलंस?"

"तुला नाही म्हणता येणार नाही म्हणून," कोनादू म्हणाली. "बाकी कोणीही नाही म्हणेल. तू कशी म्हणशील? 'मी नव्हे' म्हणालीस की 'का नव्हे' विचारतील."

"मग ज्याचं आहे त्याचं घे."

"आसुमिंगचं आहे."

आम्पोमाने भिंतीआडून अंगणात डोकावून बघितलं. आसुमिंग आणि कोनादू एका कुळाचे होते. एका कुळात हे होणं म्हणजे बहीण-भावात होणं. दोघांना गाव सोडावं लागे, आणि मुलाला नाव द्यायला कोणी पुढे येत नसे.

"तो वही घेऊन आलाय," आम्पोमा म्हणाली.

"हो. अक्षर चांगलं आहे त्याचं." कोनादूने डोळे पुसले. "हे बघ, मी ओढ्यावरचं कोणाला सांगितलं नाही. आजही सांगणार नाही, तू नाही म्हणालीस तरी. पण तू नाही म्हणू नकोस."

आम्पोमाने हिशेब केला. उत्तरं दोनच होती. नाही म्हटलं तर मुलगी असल्याचं सांगावं लागेल, आज संध्याकाळी माग मावसभावाकडे आणि शेळ्या मागाकडे. हो म्हटलं तर माग राहील. तिसरं उत्तर तिने बरंच शोधलं, पण अंगणातून काठीवाल्यांनी खाकरायला सुरुवात केली होती.

तिने काठीच्या मुठीवर हात ठेवला आणि मूल आपलं आहे अशी शपथ घेतली. साफोने रिवाजाप्रमाणे दारूच्या दोन बाटल्या पोकुआच्या घरी पोचवल्या. कोनादू आईकडेच राहणार, लग्नाचं यावला मिशी फुटल्यावर बघू, असं ठरलं.

याचा परिणाम कोणी अपेक्षिला नव्हता असा झाला. सात महिने शेडमध्ये तिच्या आवाजाबद्दल, हनुवटीबद्दल, केळीच्या झाडामागे एकटंच जाण्याबद्दल जे बारीक बारीक टोमणे चालत, ते एका दिवसात थांबले. आता ताप आला की विणकर स्वतःच म्हणत, "जा, जा, पोरगी वाट बघत असेल." आसुमिंगने तर तिला आपलं गादीचं स्टूल दिलं. तो तिच्याशी फार प्रेमाने वागू लागला आणि तिच्या डोळ्यांकडे मात्र कधी बघत नसे.

साफो सर्वांत खूश होता. "मला पहिल्या दिवसापासून वाटत होतं, तुझ्यात काहीतरी कमी आहे," तो म्हणाला.

"काय, मामा?"

"ते सांगता येत नव्हतं. आता भरून निघालं."

नानांच्या कापडाची नक्षी फक्त बाप झालेल्या विणकराला शिकवायची, असा त्या मागाचा रिवाज होता. त्या नक्षीत पट्टीवर एकही जागा मोकळी राहत नाही. तिचं नावच 'सुचायचं ते संपलं' असं आहे. साफो डोळे मिटून तोंडाने धागे मोजायचा आणि आम्पोमा विणायची. तिला ती नक्षी चार महिन्यांत आली. साफोला आठ वर्षं लागली होती. हे त्याने तिला सांगितलं नाही, शेडमध्ये सगळ्यांना सांगितलं.

कोनादूला मुलगी झाली. आठव्या दिवशी सकाळी बारसं. बाळाला नाव देण्याचा आणि जिभेवर थेंब ठेवण्याचा मान बापाचा. आम्पोमाने बाळ मांडीवर घेतलं, एक बोट पाण्यात बुडवून त्याच्या जिभेवर ठेवलं आणि म्हणायचं ते म्हणाली, "हे पाणी आहे. पाण्याला पाणी म्हण." मग दुसरं बोट दारूत बुडवलं. "ही दारू आहे. दारूला दारू म्हण." अंगणात साठ-सत्तर माणसं होती, पहिल्या रांगेत आसुमिंग. बाळाने तोंड वाकडं केलं.

"मोठेपणी खरं बोलणार," काठीवाले म्हणाले. "बापासारखी. नाव काय ठेवतोस?"

"आम्पोमा."

"हे कोणाचं?"

"आमच्या घरातल्या एकीचं आहे. ती वापरत नाही सध्या."

लोक हसले. कोनादू हसली नाही.

सणाला नाना चोवीस पट्ट्या शेजारी शेजारी शिवून केलेलं नवं कापड नेसून पालखीत बसले. तीन गावांचे विणकर ते बघायला आले आणि विणणारा कोण म्हणून विचारून गेले. आम्पोमाने गर्दीतून पालखी बघितली. तिला आनंद झाला होता, पण तो कोणाच्या नावावर करायचा हे तिला ठरवता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी राजधानीतून आर्मा नावाच्या मॅडम जीपमधून आल्या. स्त्रियांना विणकाम शिकवायची योजना होती: सहा नवे माग, दोन वर्षांचं सूत, शेडला पक्कं छप्पर. आणि गावात आधीपासून विणणारी एखादी स्त्री असेल तर तिच्या नावाचा वेगळा माग, राजधानीत प्रदर्शन, पट्टीवर तिचं नाव.

नाना पुटपुटले. काठीवाल्यांनी सांगितलं की बाईने मागाला शिवू नये हा नियम पूर्वजांचा आहे, तो तीनशे वर्षांचा आहे, आणि पूर्वजांना विचारलं पाहिजे. पक्क्या छपराचा नकाशा बघून झाल्यावर पूर्वजांना विचारण्यात आलं. एक मेंढा आणि अर्धी बाटली लागली. नियम अकरा मिनिटांत उठला.

त्याच दुपारी आम्पोमा काठीवाल्यांच्या घरी गेली. ते ओसरीवर पाय पसरून शेंगा सोलत होते.

"आजोबा, मी बाई आहे."

काठीवाल्यांनी शेंग खाली ठेवली. "कधीपासून?"

"जन्मापासून."

त्यांनी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. पायांकडे, हातांकडे, मिशी नसलेल्या ओठाकडे. बघता बघता त्यांच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट जुळत गेली, आणि जुळलेलं त्यांना मुळीच आवडलं नाही.

"त्या मॅडमच्या फॉर्मवर माझी सही लागते," ते म्हणाले. "ती मी करीन. मग काय होईल ते ऐक. तू काठीवर हात ठेवून खोटी शपथ घेतलीस. त्याला मेंढे तीन. ते तुझ्या मामाकडून. नाना सणाला जे कापड नेसले ते नियम असताना बाईने विणलेलं होतं. ते जाळावं लागेल."

"जाळू दे. मी पुन्हा विणीन."

"विणशील. तुझा हात मी बघितलाय." त्यांनी खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली. "आणि मग पुढचा प्रश्न येईल. मूल याचं नाही, तर कोणाचं? तो प्रश्न भर अंगणात कोण विचारणार? मीच. माझं कामच ते आहे."

आम्पोमा ओसरीवरची टरफलं गोळा करू लागली.

"मला उत्तर माहीत नाही," काठीवाले म्हणाले, "पण ज्या अर्थी त्या पोरीने तुला गाठलं, त्या अर्थी ते उत्तर चांगलं नसणार. जा तू. फॉर्मची मुदत उद्यापर्यंत आहे. सही मागायला आलीस तर देईन. आलास तर नाही."

दुसऱ्या दिवशी ती सरळ शेडसमोर टेबल मांडून बसलेल्या आर्मा मॅडमकडे गेली. मॅडमनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसला.

"दर गावात एक असतो," त्या म्हणाल्या. "मागच्या गावात एकजण बायकोचा झगा घालून आला होता. दाढी न करता."

"मी खरं सांगतेय."

"मॅडम, याला पोर आहे," आसुमिंग मागून म्हणाला. त्याचा आवाज चिरका झाला होता. "लिहिलेलं आहे माझ्याकडे. वही आणू?"

"वही कशाला?" आर्मा मॅडम उठल्या. "मी बाई आहे, ही बाई आहे म्हणते. मागच्या खोलीत चल बघू. दोन मिनिटांचं काम आहे. असलीस तर पहिला माग तुझा, लगेच, इथेच."

त्या खोलीकडे निघाल्यासुद्धा. आम्पोमा चार पावलं त्यांच्यामागे गेली. खोलीच्या दारात शिकायला नाव नोंदवायला आलेल्या बायकांची रांग होती, आणि रांगेत सर्वांत पुढे कोनादू होती. बाळ पाठीला बांधलेलं होतं आणि झोपलं होतं. कोनादूने मॅडमकडे बघितलं, मग आम्पोमाकडे. तिने फक्त बाळ बांधलेल्या कापडाची गाठ घट्ट केली, लांब चालायचं असलं की बायका करतात तशी.

आम्पोमा थांबली.

"मस्करी केली, मॅडम," ती म्हणाली. "मागासाठी."

"वाटलंच मला," आर्मा मॅडम म्हणाल्या. त्या रागावल्या नाहीत, थोड्या हिरमुसल्या. "पण तू चांगला विणतोस म्हणे. या बायकांना शिकवशील?"

सहा बायका आल्या. आम्पोमा त्यांना ताणा म्हणजे उभे धागे लावायला, पायाच्या अंगठ्याच्या बेचक्यात दोरी धरायला, फणी ठोकायला शिकवू लागली. दोघी बऱ्या होत्या. कोनादूला मुळीच जमत नव्हतं. तिला धागा तुटलेला कळत नसे आणि कळला तरी सांधता येत नसे.

"डावा पाय," आम्पोमा म्हणाली.

"हाच डावा."

"मग दुसरा."

कोनादूने आजूबाजूला बघितलं. जवळ कोणी नव्हतं. "नियम उठेल हे मला काय माहीत, गं?"

"मला कुठे माहीत होतं? फणी ठोक. हळू नाही, जोरात."

"तू एकदा रागव तरी."

"रागावले तर धागा तुटतो," आम्पोमा म्हणाली. "तुझा न रागावताच तुटतोय."

तीन महिन्यांनी आर्मा मॅडम जीपमधून परत आल्या. बाकीच्या पाचजणींच्या पट्ट्या अजून मागावरच होत्या. पूर्ण झालेली एकच होती. ती पूर्ण झाली होती कारण ताणाच संपला होता. फोटोवाल्याने कोनादूला ती पट्टी दोन्ही हातांनी धरून मधोमध उभं केलं. नाना पुटपुटले आणि काठीवाल्यांनी सांगितलं की न्तोमाक्रोमच्या इतिहासातली ही पहिली स्त्री विणकर आहे आणि नानांना याची पहिल्यापासून खात्री होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आसुमिंगनेही.

मॅडमनी शिक्षकाला टेप दिला आणि रजिस्टर उघडलं. आम्पोमाने मोजून सांगितलं तसं त्या लिहीत गेल्या: लांबी एकोणचाळीस इंच. रुंदी सुरुवातीला चार, मध्ये साडेतीन, शेवटी सव्वापाच. तुटलेले धागे सतरा.